अणुबॅटरी वेगळी, अणुभट्टी वेगळी

मंगळावरची ‘क्युरिऑसिटी’ ही रोव्हर गाडी अणुभट्टीवर चालते, असं अधूनमधून वाचायला मिळतं. तिच्यात भट्टी नाहीच. आहे ती अणुबॅटरी. 4.8 किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आपसूक क्षय पावत तापलेलं राहतं आणि थर्मोकपल त्या उष्णतेची वीज करतात. सुमारे 2000 वॅट उष्णतेतून हाती लागतात जेमतेम 110 वॅट. पण हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. 1977 साली निघालेली व्हॉयेजर यानं अशाच बॅटऱ्यांवर जगत आली.

या बॅटरीला बटण मात्र नसतं. प्लुटोनियम-238चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 87.7 वर्षं, वीज लागो न लागो, ते निवतच जाणार.

अवकाशात न्यायच्या भट्टीतलं युरेनियम-235 उलट स्वभावाचं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 70 कोटी वर्षं, म्हणजे न वापरलेल्या इंधनातून किरणोत्सार अगदी थोडा. विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी सुरू होते ती तिला रोखणारी नियंत्रक कांडी सरकवल्यावर, आणि हे काम अवकाशात पोचल्यावर करायचं. ‘भट्टी’ म्हटलं की लोक दचकतात, पण प्रक्षेपणाच्या दिवशी दोघींपैकी थंड असते ती भट्टीच! एकदा चालली की गोष्ट वेगळी. 1978 साली सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस 954’ कॅनडावर कोसळला तेव्हा वापरलेल्या भट्टीचे किरणोत्सारी तुकडे बर्फात शोधत फिरावं लागलं.

आता भट्टीतली उष्णता बाहेर काढायची कशी? पंप लावला तर तो बंद पडण्याची धास्ती. त्यावर तोड म्हणजे हीट पाइप: ही बंद नळी असते, आत थोडंसं सोडियम. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती द्रवते, आणि नळीच्या आतल्या जाळीतून द्रव मागे ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा. गुरुत्वाकर्षण नसलं तरी अडत नाही. एखादी नळी निकामी झाली तर शेजारच्या भार उचलतात.

अमेरिकेतल्या नेवाडात मार्च 2018 मध्ये ‘क्रस्टी’ ही अशी छोटी भट्टी सलग 28 तास चालवली. आठ सोडियम नळ्या, इंधन 800 अंश सेल्सिअसच्या आसपास. मुद्दाम उष्णता काढून घेणं थांबवलं, तर भट्टीने स्वतःच दम धरला: इंधन तापून फुगलं, साखळी चालू ठेवणारे न्यूट्रॉन जास्त बाहेर निसटले, विखंडन मंदावलं. मला तरी सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

एकट्या रोव्हरला बॅटरी पुरते. चंद्रावर वस्ती करायची, तर दोन आठवड्यांच्या रात्रीत किलोवॅट लागतात, आणि तिथे 110 वॅटवर काय भागणार?