पोट लहान केलं, स्वादुपिंडाचं काय?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन स्वादुपिंडाला हातही लावत नाहीत. स्लीव्ह या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. बायपास या प्रकारात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात, उरलेलं जठर पोटातच बाजूला ठेवतात आणि आतड्याचा खालचा भाग वर आणून त्या पिशवीला जोडतात. स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्यालगत, आपल्या जागी तसंच राहतं. तरीही काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काही जणांच्या बाबतीत तक्रार तिथूनच सुरू होते. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. अनेकांचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत होतं आणि पुढचं सगळं आयुष्य तासगावात, विट्यात नाहीतर इस्लामपुरात जातं. रात्री दोन वाजता पोट दुखायला लागलं की समोरच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशन पाहिलेलं नसतं. म्हणून आपल्या पोटात नेमकं काय बदललंय हे पेशंटला आणि घरातल्या एखाद्याला तरी सांगता आलं पाहिजे.

बायपासची रचना समजायला सांगलीकरांना हरिपूरच्या संगमावर उभं राहिलं तरी पुरे. कृष्णा आणि वारणा तिथं भेटतात, वरच्या अंगाला दोघींची पात्रं वेगळी. बायपासनंतर एका वाटेने अन्न उतरतं, दुसरीने पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, आणि दोघांची भेट बरीच खाली, साधारण मीटरभर पुढे होते. एरवी ती जठर संपताच होते. बायपासनंतरच्या बऱ्याच तक्रारी या उशिराच्या भेटीशी जोडलेल्या आहेत.

सगळ्या नाहीत. स्वादुपिंडाला सूज येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पित्ताशयातले खडे, आणि त्यांना बायपासच लागतो असं नाही, स्लीव्हनंतरही ते होतात. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर पडून पित्तात येतं. त्याच वेळी खाणं कमी झाल्यामुळे पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त साचतं, घट्ट होतं, खडे धरतात. एखादा बारीक खडा घसरून पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकला की शेजारच्या स्वादुपिंडाची वाटही बंद होते. मग आतड्यात जाऊन अन्न पचवायचं ते एन्झाइम स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्यालाच जाळायला लागतात. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बायपासनंतर सहा महिन्यांत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना खडे झाले. रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड घेणाऱ्यांत हेच प्रमाण २ टक्के होतं. पहिले सहा महिने डॉक्टर ही गोळी लिहून देतात ती याचसाठी. काही त्रास नाही म्हणून ती मध्येच बंद करणारे पुष्कळ असतात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सहज टाळता येईल अशी चूक असेल तर ती हीच.

इथं उपवासाचाही विषय येतो. ऑपरेशननंतर वजन उतरताना बघून उत्साह वाढतो, आणि गुरुवार, एकादशी, संकष्टी असे सगळे उपवास कडक होतात. दिवसभर पोटात काही गेलं नाही की पित्ताशय हलतच नाही. निदान पहिलं वर्षभर तरी देवाला सांगून सवलत घ्यावी. चिमूटभर तेलातुपाला घाबरून अगदी कोरडं जेवणंही तितकंच वाईट, कारण पित्ताशय रिकामं व्हायला थोडी चरबी लागतेच. दारूचं मात्र उलट आहे. बायपासनंतर ती रक्तात झपाट्याने चढते, आणि स्वादुपिंडाला सूज आणण्यात खड्यांच्या खालोखाल तिचाच नंबर लागतो.

दुखणं ओळखायचं कसं? बेंबीच्या वर, खोल, सतत, पाठीत घुसणारं, पुढे वाकल्यावर किंचित बरं वाटणारं, सोबत उलट्या. असं काही तास टिकलं तर ओवा, सोडा, पित्ताची गोळी यांत वेळ घालवू नये. मेडिकलमधून डायक्लो किंवा ब्रुफेन आणून तर मुळीच घेऊ नये, कारण बायपासच्या जोडावर या गोळ्यांनी अल्सर होतो. दवाखान्यात रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक एन्झाइम, बघतात. ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट असेल आणि दुखणंही तसंच असेल, तर निदान जवळपास पक्कं. उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन, वेदनाशामक आणि लक्ष ठेवणं. पूर्वी आठवडाभर तोंडाला पाणी लावू देत नसत. आता उलट्या थांबून भूक लागली की लवकर खायला देतात. उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं. ऑपरेशन झालेल्यांत या जीवनसत्त्वाचा साठा पटकन संपतो आणि नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते.

खडा नलिकेत अडकलेला असेल तर एरवी तोंडातून दुर्बीण घालून तो काढतात. बायपास झालेल्यांत ती नेहमीची वाटच उरलेली नसते. मग लांब फुग्याची दुर्बीण, किंवा लॅप्रोस्कोपीने बाजूला ठेवलेल्या जठरात भोक पाडून तिथून दुर्बीण, असे मार्ग काढावे लागतात, आणि त्यासाठी मोठं केंद्र लागतं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला लांबलांबून पेशंट येतात. पण कुठंही गेलात तरी ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर सोबत हवा, निदान मोबाइलमध्ये फोटो तरी. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

वाढलेलं लायपेज दर वेळी सूजच सांगतं असंही नाही. बायपासमधली रस आणणारी वाट पिळवटून किंवा चिकटून बंद झाली, तर मागे दाब साचून लायपेज वाढतं आणि बाजूला ठेवलेलं जठर फुगतं. हे काही तासांत जिवावर बेतू शकतं. म्हणून बायपासच्या पेशंटला असं दुखलं की सीटी स्कॅन लागतो, नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नये.

यापेक्षा सावकाश चालणारा त्रास म्हणजे पचन अपुरं पडणं. अन्न पुढे जातं, रस मागाहून येतो. मग शौचाला पिवळट, तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारी होते, गॅस होतात, वजन नको तितकं उतरतं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. शौचातल्या इलास्टेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची तपासणी होते. ते एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर शंका घ्यायची. उपाय म्हणजे एन्झाइमच्या कॅप्सूल, त्याही जेवणाच्या पहिल्या घासापासून. जेवून झाल्यावर घेतलेल्या फारशा उपयोगी पडत नाहीत. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. सांगली भागात जैन आणि माळकरी घरं पुष्कळ, तेव्हा हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं बरं. बुरशीपासून काढलेले शाकाहारी एन्झाइम मिळतात, पण चरबी पचवण्यात ते बरेच उणे पडतात.

आणि एक त्रास असा की त्यात स्वादुपिंड कमी नाही, जास्त काम करतं. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात धाडकन उतरतो, आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटतं, स्वादुपिंडातून इन्सुलिनची लाट येते आणि रक्तातली साखर एकदम खाली जाते. जेवणानंतर एक ते तीन तासांनी हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बहुधा हे ऑपरेशननंतर वर्षभराने सुरू होतं, म्हणून ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. अशक्तपणा समजून घरचे उसाचा रस पाजतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दोन तासांनी पुन्हा तेच. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा सहा पेशंटची माहिती छापली. त्यांच्या स्वादुपिंडाचा काही भाग कापून काढावा लागला होता. आता ती वेळ क्वचित येते. साबुदाण्याची खिचडी, पेढे, रस, गोड चहा बाजूला ठेवायचे, ताटातलं डाळ-उसळ-अंडं आधी खायचं, भाकरी शेवटी आणि थोडी, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन अजून जुन्याच डोसात चालू नाही ना, हे आधी तपासायचं. एवढ्याने भागलं नाही तर पिष्टाचं पचन लांबवणारी अकार्बोज देतात. मात्र ही गोळी चालू असताना शुगर खाली गेली तर साखर, गूळ, पेढा यांचा लगेच उपयोग होत नाही, कारण साखर फोडण्याची क्रियाच गोळीने अडवलेली असते. अशा वेळी ग्लुकोजची पावडरच लागते, आणि ती खिशात नाहीतर पर्समध्ये कायम हवी.