एका टप्प्यात की दोन? सममित मॅट्रिक्स त्रिकर्णी करण्यामागची पार्श्वभूमी

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकोनी मांडणी; कर्णाच्या दोन्ही बाजूंचे घटक आरशातल्यासारखे सारखे असले की ती सममित. मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या सदिशांची दिशा न बदलता फक्त लांबी बदलते ते तिचे आयगेनसदिश, आणि ती ज्या पटीत बदलते ती आयगेनमूल्ये. सममित मॅट्रिक्सची सगळी आयगेनमूल्ये हवी असली की बहुतेक प्रोग्रॅम आजही आधी ती त्रिकर्णी करून घेतात, म्हणजे मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक तिरकी ओळ सोडून बाकी सगळे घटक शून्य करतात. फक्त कर्णावरच घटक उरतात अशा कर्णरूपापर्यंत, जिथे आयगेनमूल्ये थेट वाचता येतात, मोजक्या पायऱ्यांत पोचणारी वाट नाही. आयगेनमूल्ये ही मॅट्रिक्सच्या आकाराइतक्या घाताच्या समीकरणाची मुळे असतात, आणि पाचव्या व त्यापुढच्या घाताच्या समीकरणांची मुळे नुसत्या अंकगणिताने आणि मूळ काढण्याने सर्वसाधारणपणे सापडत नाहीत, हे १८२४ मध्येच सिद्ध झाले होते. त्रिकर्णी रूप मात्र ठरावीक पायऱ्यांत मिळते. पुढचे काम पुनरावृत्तीचे असले तरी तुलनेने स्वस्त असते. ते रूप एका टप्प्यात थेट गाठायचे की आधी रुंद पट्टा करून दोन टप्प्यांत, हा इथला प्रश्न.

१८४६ मध्ये ग्रहकक्षांच्या दीर्घकालीन बदलांसाठी मांडलेली रोटेशनची (दोन ओळी आणि दोन स्तंभ एका कोनातून फिरवण्याची) पद्धत मध्ये कुठे थांबत नव्हती. कर्णाबाहेरचा एक घटक शून्य करायचा, मग दुसरा. दुसरा शून्य करताना पहिला पुन्हा डोके वर काढतो, पण कर्णाबाहेरचा एकूण भार घटत जातो. १९५४ च्या एका अमेरिकी अहवालात वेगळी निवड केली गेली. रोटेशन ज्या दोन ओळींत करायचे त्यांच्या छेदातला घटक न घेता शेजारच्या ओळीतला शून्य केला, तर आधीची शून्ये टिकून राहतात. त्यासाठी पूर्ण कर्णरूपाचा आग्रह सोडून त्रिकर्णी रूपावर थांबावे लागते. ती तडजोड शहाणपणाची होती.

त्यानंतर १९५८ मध्ये हाउसहोल्डर यांची परावर्तने (आरशातल्या प्रतिमेसारखी रूपांतरे) आली. एक परावर्तन अख्खा स्तंभ एका फटक्यात साफ करते. १०० × १०० च्या मॅट्रिक्सला ४,८५१ रोटेशन लागायची, तिथे ९८ परावर्तने पुरतात, आणि गुणाकारांची संख्याही जवळपास निम्मी होते. १९६० मधल्या ब्रिटिश लेखाने सममित मॅट्रिक्ससाठी या पद्धतीची काटकसरीची मांडणी दिली आणि हाउसहोल्डर पद्धत रूढ झाली. १९५० ची लँकझॉस पद्धतही त्रिकर्णी रूपच देते. तिच्यात राउंडिंगमुळे (आकडे ठरावीक अंकांपुरतेच ठेवल्यामुळे) सदिशांची परस्पर लंबता ढळते, म्हणून ती मागे पडली होती. १९७१ नंतर मोठ्या विरळ (बहुतेक घटक शून्य असलेल्या) मॅट्रिक्सांसाठी तिला पुन्हा मान मिळाला, पण तो वेगळा प्रवाह आहे.

१९६८ मध्ये अल्गोल भाषेतले तीन प्रोग्रॅम प्रसिद्ध झाले. एक आयगेनसदिश नको असतील तेव्हासाठी, दुसरा रूपांतराची मॅट्रिक्स उघड तयार करून देणारा, तिसरा निम्म्या जागेत मॅट्रिक्स साठवणारा. तिन्ही शेवटच्या ओळीपासून वर सरकतात. म्हणून घटकांच्या आकारात फार तफावत असेल तर लहान घटक वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवावेत, असा सल्ला तेव्हापासून चालत आला. त्रिकर्णी रूपातून आयगेनमूल्ये काढताना क्यूआर या पुनरावृत्तीच्या पद्धतीऐवजी तिचे उलट दिशेचे रूप, क्यूएल, वापरण्याची प्रथाही त्याच दिशेशी जुळलेली आहे. सत्तरच्या दशकातल्या आइसपॅक या प्रोग्रॅम-संग्रहाने हे प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये आणले, आणि बराच काळ हा विषय संपल्यासारखा मानला गेला.

तो संपला नव्हता. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगाला मागे टाकून पुढे गेला, तेव्हा क्रिया किती यापेक्षा डेटा किती वेळा ने-आण करावा लागतो हा प्रश्न मोठा झाला. १९८९ मध्ये परावर्तने गटागटाने लावायची युक्ती प्रसिद्ध झाली, आणि १९९२ च्या लॅपॅक या नव्या प्रोग्रॅम-संग्रहात ती आली. पण ती अर्ध्यावरच अडकते. क्यूआर विघटनात (मॅट्रिक्स दोन मॅट्रिक्सांच्या गुणाकारात मोडताना, जिथे परावर्तने एकाच बाजूने लागतात) एका गटाचे स्तंभ उरलेल्या मॅट्रिक्सला हात न लावता हाताळता येतात. त्रिकर्णी रूपांतरात परावर्तन दोन्ही बाजूंनी लावायचे असते, त्यामुळे प्रत्येक स्तंभासाठी उरलेल्या सबंध मॅट्रिक्सचा एका सदिशाशी गुणाकार करावाच लागतो. एकूण क्रिया सुमारे ४न³/३ (न म्हणजे मॅट्रिक्सच्या ओळींची संख्या). त्यातल्या निम्म्या या गुणाकारात जातात, आणि तिथे मेमरीतून आणलेला प्रत्येक आकडा जेमतेम एक-दोनदा वापरला जातो.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. न = १०,००० असेल तर दुहेरी अचूकतेत (प्रत्येक आकड्याला ८ बाइट) पूर्ण मॅट्रिक्स ८०० मेगाबाइटची होते. सममितीचा फायदा घेऊन निम्मीच वाचली, तरी सगळ्या स्तंभांसाठी मिळून सुमारे १.३ टेराबाइट वाचावे लागतात. सेकंदाला १०० गिगाबाइट वाचणाऱ्या यंत्राला नुसत्या वाचनाला १३ सेकंद लागतील. त्या भागातले गणित मात्र सेकंदाला एक लाख कोटी क्रिया करणारा प्रोसेसर एका सेकंदाच्या आत उरकेल.

यावरचा उपाय तसा जुना होता. मॅट्रिक्स आधी पट्ट्याच्या रूपात आणायची, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना त्याला समांतर अशा काही तिरक्या ओळी शिल्लक ठेवायच्या, आणि मग पट्टा त्रिकर्णी करायचा. पहिल्या टप्प्यातले जवळपास सगळे काम मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकाराचे होते. दुसऱ्या टप्प्यात एक घटक शून्य केला की पट्ट्याबाहेर नको असलेल्या नव्या घटकांचा फुगवटा येतो आणि तो ढकलत ढकलत खालच्या टोकाबाहेर काढावा लागतो. ही फुगवटा ढकलण्याची रीत साठच्या दशकातच प्रसिद्ध झाली होती. नव्वदच्या दशकात पट्टा क्रमाक्रमाने अरुंद करण्याची सर्वसाधारण चौकट मांडली गेली, आणि २००० मध्ये तिचे प्रोग्रॅमही उपलब्ध झाले.

तरीही दोन टप्प्यांची पद्धत सर्वमान्य व्हायला फार वेळ लागला. आक्षेप आयगेनसदिशांचा होता. एका टप्प्याच्या पद्धतीत त्रिकर्णी रूपाचे सगळे सदिश मूळ मॅट्रिक्सकडे परत न्यायला २न³ क्रिया लागतात. दोन टप्प्यांत ते दोनदा मागे न्यावे लागतात, म्हणजे ४न³. हा वाढीव २न³ चा भार मूळ रूपांतराच्याच दीडपट आहे. आक्षेप खरा आहे, पण त्याला जितके वजन दिले गेले तितके त्यात नव्हते. वाढलेले काम गटागटाने केले तर तेही मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकाराचेच होते, म्हणजे प्रोसेसर ज्यात सर्वांत पटाईत आहे तेच. शिवाय सगळे सदिश प्रत्येकाला लागतातच असे नाही. पदार्थांच्या इलेक्ट्रॉन-रचनेच्या गणनेत इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांपुरते, म्हणजे अनेकदा एकूण सदिशांतले थोडेच लागतात, आणि वाढीव भार तेवढ्या प्रमाणातच पडतो. म्हणूनच दोन टप्प्यांचा जोमाने स्वीकार प्रथम त्या क्षेत्रात झाला. २०११ च्या सुमारास युरोपात तिथल्या गरजेतून समांतर यंत्रांसाठी स्वतंत्र लायब्ररी उभी राहिली, आणि साधारण त्याच काळात बहुगाभा प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसरसाठीही असे प्रोग्रॅम तयार झाले.

लॅपॅकमध्ये दोन टप्प्यांची रूपे २०१६ मध्ये आली, पण आयगेनमूल्यांपुरतीच. सदिश मागण्याचा पर्याय प्रोग्रॅम चालवताना द्यायच्या पर्यायांत दिसत होता आणि सोबतच्या टिपेत तो या आवृत्तीत उपलब्ध नसल्याचे लिहिले होते. ज्यांना सदिश हवे होते त्यांच्यासाठी जुना रस्ताच प्रमाण राहिला. माझ्या मते या निर्णयाने वाद मिटवण्याऐवजी लांबवला. नवी पद्धत केवळ मूल्यांसाठीच आहे असा समज त्यातून घट्ट झाला.

अचूकतेचा प्रश्न यापासून वेगळा. १९९२ मध्ये दाखवले गेले की काही धन-निश्चित (सगळी आयगेनमूल्ये धन असलेल्या) मॅट्रिक्सांत अगदी लहान आयगेनमूल्ये जुनी रोटेशन पद्धत जास्त अचूक देते. आधी त्रिकर्णी केले की ती अचूकता हातची जाते, मग टप्पे एक असोत वा दोन.

सध्याचा पेच पट्ट्याच्या रुंदीचा आहे. ग्राफिक्स प्रोसेसरचा गुणाकाराचा पूर्ण वेग वापरायचा तर पट्टा रुंद हवा. पण फुगवटे ढकलण्याचे काम रुंदीच्या प्रमाणात वाढते, आणि ते लहान लहान, एकमेकांवर अवलंबून असलेल्या पायऱ्यांचे असल्याने त्याच यंत्रांवर रेंगाळते. पूर्वी किरकोळ समजला जाणारा दुसरा टप्पा त्यामुळे आता एकूण वेळेतला ठळक हिस्सा खाऊ लागला आहे. त्यावर नव्वदच्या दशकातली चौकट पुन्हा बाहेर निघाली आहे: आधी रुंद पट्टा, मग अरुंद पट्टा, आणि शेवटी त्रिकर्णी.