रासायनिक अस्त्रे

माणसाला किंवा जनावराला विषबाधेने मारणारे, जायबंदी करणारे वा काही काळ निकामी करणारे रसायन, ते वाहून नेणारा तोफगोळा वा बॉम्ब आणि त्यासाठीची खास उपकरणे यांना रासायनिक अस्त्रे म्हणतात. १९९३च्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार हे तिन्ही घटक सुटे असले तरी अस्त्रच ठरतात. विष भरण्यासाठी घडवलेला रिकामा गोळाही त्यातून सुटत नाही.

करारात रसायनांच्या तीन अनुसूची (याद्या) आहेत, पण व्याख्येचा खरा आधार हेतू हा आहे. क्लोरीन एकाही अनुसूचीत नाही. जलशुद्धीकरण केंद्रात तो रोज लागतो. माणसांवर सोडला की अस्त्र होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांवर सिलिंडर उघडून दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो थेट खंदकांत उतरला. मात्र वारा कोणाचाच नसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील लूस येथे ब्रिटिशांचा क्लोरीन काही ठिकाणी त्यांच्याच खंदकांवर उलटला. पुढे भर तोफगोळ्यांवर आला.

क्लोरीन आणि फॉस्जीन फुप्फुसांवर घाला घालतात. मस्टर्ड वायू प्रत्यक्षात तेलकट द्रव आहे. त्वचेवर पडताना तो दुखत नाही, फोड काही तासांनी येतात. तोवर धुऊन काढण्याची वेळ टळलेली असते. सारिनसारखी तंत्रिकाविषे, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषे, ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, स्नायू सैल पडेनासे होतात आणि श्वास थांबतो. त्यावर ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम ही औषधे देतात, तेही लवकर दिले तरच उपयोगी.

वृत्तपत्रांत ‘रासायनिक अस्त्रे’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. भोपाळमध्ये १९८४ साली मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसे मारली, पण ती औद्योगिक दुर्घटना होती. धूर वा आग लावण्यासाठी वापरलेला पांढरा फॉस्फरसही या व्याख्येत बसत नाही. अश्रुधुराचा प्रकार विचित्र आहे: दंगलीत पोलिसांना मुभा, युद्धतंत्र म्हणून मनाई.

करार २९ एप्रिल १९९७ला अमलात आला. देखरेख नेदरलँड्समधील हेग येथील रासायनिक अस्त्रबंदी संघटना (ओपीसीडब्ल्यू) करते. भारताने मस्टर्डचा साठा घोषित करून २००९पर्यंत नष्ट केला. जगातला शेवटचा घोषित साठा जुलै २०२३मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात संपला. यातला ‘घोषित’ हा शब्द महत्त्वाचा. इजिप्त, उत्तर कोरिया व दक्षिण सुदान कराराबाहेर आहेत, इस्रायलने सही केली पण मान्यता दिलेली नाही. आणि जपानने दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये टाकून दिलेले विषारी गोळे उकरून नष्ट करण्याचे काम अजून चालू आहे.