शाळा आणि दवाखाना वगळून आखलेली रेषा : राज्याराज्यांतल्या बालदारिद्र्याची पार्श्वभूमी

बिहारमध्ये गरीब मुलं जास्त आणि केरळमध्ये कमी, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीवर आधारलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात (यात पैसा नव्हे, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतली उणीव मोजतात) बिहारमधले ३३.७६ टक्के लोक गरीब निघाले, महाराष्ट्रातले ७.८१ टक्के आणि केरळमधले अवघे ०.५५ टक्के. पण हे आकडे मुलांचे नाहीत. आपल्याकडे आधी घर मोजलं जातं. ते गरीब ठरलं की त्यातलं मूल गरीब, नाही ठरलं तर मूलही नाही. त्यामुळे राज्याराज्यांतल्या बालदारिद्र्याची तुलना करायची, तर घरं कशी मोजली गेली इथूनच सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकात तुरुंगातल्या कैद्यांचा शिधा धरून माणशी वर्षाला किती रुपये लागतील याचा हिशेब मांडला गेला होता, ती या साऱ्याची सुरुवात. मात्र आजच्या आकड्यांवर ज्याची छाप आहे तो निर्णय झाला १९६२ मध्ये.

त्या वर्षी जुलैमध्ये दिल्लीत एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार पाच जणांच्या ग्रामीण कुटुंबाला महिन्याला किमान १०० रुपये लागतात असं ठरवलं. म्हणजे माणशी २० रुपये; शहरात २५. हीच दारिद्र्यरेषा. या रकमेत आरोग्य आणि शिक्षण यांवरचा खर्च मुद्दाम धरला नव्हता. कारण दिलं होतं ते असं, की या दोन्ही गोष्टी राज्यघटनेनुसार सरकार पुरवणार आहे.

हे कारण नीट तपासून पाहायला हवं. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी १० वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० मध्येच संपून गेली होती. म्हणजे रेषा आखली जात असताना, जिच्या भरवशावर शाळेचा खर्च वगळला ती मुदत उलटून दोन वर्षं झाली होती आणि शाळा नसलेली गावं देशभर होती. पुढे शिक्षण मूलभूत हक्क झालं २००२ च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी.

प्रदेशांतल्या फरकाचं मूळ मला इथे दिसतं. जिथे सरकारी शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालत होतं, तिथे ही रेषा बरीचशी खरी होती. घरातल्या पैशातून अन्न, कपडा, सरपण भागवायचं, बाकीचं सरकारकडे. केरळमध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं. तमिळनाडूने १९५६ मध्ये शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं आणि १९८२ मध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर नेलं. उत्तरेतल्या बऱ्याच जिल्ह्यांत मात्र शाळा कागदावर आणि डॉक्टर तालुक्याला, अशी गत होती. तिथल्या बापाने रेषेच्या थोडे वर पैसे मिळवले, तरी त्यातूनच औषध आणायचं, त्यातूनच शिकवणीची फी द्यायची. मोजणीत तो गरीब नव्हता. त्याचं मूल मात्र शाळेबाहेर होतं. एकच रेषा एका राज्यात खरं सांगत होती आणि दुसऱ्या राज्यात झाकत होती.

यानंतर रेषा बदलत गेली, हे गृहीतक मात्र तसंच राहिलं. पुण्यातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरींवरून हिशेब मांडला. १९७९ मध्ये गावासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी ठरल्या, आणि १९७३-७४ च्या किमतींनुसार दरमहा ४९ रुपये ९ पैसे व ५६ रुपये ६४ पैसे या रेषा आल्या. तेव्हाही साऱ्या देशाच्या ग्रामीण भागाला एकच रेषा. राज्यागणिक वेगळ्या रेषा काढण्याची पद्धत सुचवली गेली १९९३ मध्ये आणि सरकारने ती स्वीकारली १९९७ मध्ये. दर वेळी महागाईप्रमाणे रक्कम वाढवली गेली. शाळा आणि दवाखान्यावर घरं स्वतःच्या खिशातून किती जास्त खर्च करू लागली आहेत, हे त्या वाढीत कुठेच येत नव्हतं.

ते आलं २००९ मध्ये. नव्या समितीने कॅलरींचा आधार सोडला आणि आरोग्य-शिक्षणावरचा खासगी खर्च हिशेबात घेतला. २००४-०५ ची पाहणी तीच, घरं तीच, मुलं तीच. देशातलं ग्रामीण दारिद्र्य २८.३ टक्क्यांवरून ४१.८ वर गेलं. ग्रामीण बिहार ४२.१ वरून ५५.७ वर, केरळ १३.२ वरून २०.२ वर. आणि ग्रामीण महाराष्ट्र २९.६ वरून थेट ४७.९ वर! या तिघांत सर्वांत मोठी उडी आपली आहे, आणि तिची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही असं मला मनापासून वाटतं. २०११ मध्ये शहरासाठी माणशी रोज ३२ रुपये ही रेषा सरकारतर्फे न्यायालयात सांगितली गेली, त्यावर देशभर संताप उसळला आणि सगळी चर्चा तिथेच अडकली. २०१४ मध्ये आणखी एका समितीने रेषा वर नेली. २०११-१२ चं देशाचं दारिद्र्य २१.९ ऐवजी २९.५ टक्के असल्याचं तिने सांगितलं. त्यानंतर पैशांची नवी सरकारी रेषा आलेली नाही.

‘दरडोई’ या शब्दाचा गुंताही इथेच सांगायला हवा. १९६२ च्या हिशेबात पाच जणांचं कुटुंब म्हणजे चार प्रौढांइतकी गरज, असं धरलं होतं. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकं लागत नाही याची जाण त्यात होती. पण रक्कम सांगताना भागाकार पाचने झाला आणि तोच पुढे रूढ झाला. २०११-१२ ची देशाची ग्रामीण रेषा होती दरडोई ८१६ रुपये. एखाद्या घरात आईबाप आणि तीन मुलं, महिन्याचा खर्च ४,२०० रुपये. डोई ८४० पडतात, घर रेषेच्या वर. चौथं मूल जन्मलं की त्याच पैशांत डोई ७०० होतात आणि सहाच्या सहा जण गरीब. अनेक देशांत पहिला प्रौढ १, दुसरा ०.५ आणि १४ वर्षांखालचं प्रत्येक मूल ०.३ असं धरतात. त्या मापाने चौथ्या बाळामुळे घराची गरज २.४ वरून २.७ होते, म्हणजे आठव्या हिश्शाने वाढते. आपल्या मापाने पाचावरून सहा, म्हणजे पाचव्या हिश्शाने.

आता हे राज्यांवर लावून पाहा. २०१९-२१ च्या पाहणीत एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, बिहारचा ३.०, उत्तर प्रदेशचा २.४, केरळचा १.८ आणि महाराष्ट्राचा १.७ होता. मुलं जास्त असलेल्या राज्यांत बालदारिद्र्य जास्त दिसण्यात थोडा वाटा या भागाकाराचाही आहे. बिहारची गरिबी खोटी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. पाच वर्षांखालची ४२.९ टक्के मुलं तिथे वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि हे उंची मोजूनच कळलेलं आहे.

मुलांपर्यंत थेट पोचणाऱ्या योजना राज्याराज्यांत किती वेगळ्या पोचल्या, तेही या आकड्यांमागे आहे. १९९५ मध्ये शालेय आहार देशभर जाहीर झाला, तरी बऱ्याच राज्यांत ताटाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य घरी दिलं जाई, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. जे मूल कामाला किंवा आईबापासोबत बाहेरगावी जायचं, त्याचीच हजेरी कमी भरायची. शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी द्यावा लागला.

महाराष्ट्राच्या बाबतीत राज्याची सरासरी फार फसवते. बीडहून ऊसतोड कामगारांची टोळी निघते ती दिवाळीच्या आसपास, मुकादमाने आगाऊ दिलेली उचल आधीच संपलेली असते. कोल्हापूर-सांगलीच्या फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी राहते, आणि मोठी बहीण शाळा सोडून धाकट्याला सांभाळत कोपीच्या तोंडाशी बसते. खर्चाच्या पाहणीत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस गावच्या घरातच धरला जातो. त्यामुळे साखरपट्ट्यातल्या या चार-पाच महिन्यांची गरिबी साखरपट्ट्याच्या आकड्यांत येत नाही. त्या पट्ट्याची समृद्धी तेवढी येते.

शेवटी शरीराचं माप काय सांगतं तेही पाहावं. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के होतं आणि २०१९-२१ मध्येही २५.६ टक्केच. बिहारमध्ये ते २२.९ टक्के होतं. म्हणजे बहुआयामी गरिबी जिथे चौपटीहून जास्त, तिथली मुलं या मापावर आपल्यापेक्षा थोडी बरी.

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर खर्चाची २०२२-२३ ची नवी पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारकडून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत त्यात पहिल्यांदाच वेगळी लावून पाहिली गेली. रेशनचा तांदूळ आणि गहू, सायकल, शाळेचा गणवेश, बूट हे सगळं त्यात आहे. सरकारी शाळेतलं शिक्षण आणि सरकारी दवाखान्यातले उपचार मात्र हिशेबाबाहेर ठेवले आहेत.