पार्श्वभूमी : बडोद्याची तालीम, फायटिंग गेम आणि ‘जोर’ या शब्दाचा गुंता

बडोद्याच्या मराठी घरात आजोबांनी नातवाला ‘दहा जोर काढ’ म्हटलं की पोरगं पालथं पडून दंड मारायला लागतं. तोच पोरगा हिंदी बोलणाऱ्या पैलवानाकडे गेला आणि तिथे ‘जोर करेगा?’ असं ऐकलं, तर त्याचा अर्थ ‘मातीत उतर आणि माझ्याशी लढ’ असा. मराठीत जोर म्हणजे एकट्याने करायची मेहनत, हिंदी आखाड्यात जोर म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत. आपल्या शहरात या दोन भाषा कुस्तीच्या मातीच्या एकाच हौद्याच्या काठावर बोलल्या गेल्या. फायटिंग गेममध्ये, म्हणजे पडद्यावर दोघांनी लढायच्या व्हिडिओ गेममध्ये, हात सुधारायचा असेल तर एकट्याने सराव करायच्या ट्रेनिंग मोडमध्ये तासन्‌तास कॉम्बो (जोडून मारायचे फटके) घोटायचे की समोर माणूस बसवून मार खायचा, या आजच्या वादाच्या मुळाशीही हाच गुंता आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. १८६० च्या दशकात एका फ्रेंच प्रवाशाने बडोद्याच्या दरबारात मुठीला शिंगाचे पंजे बांधून होणारी कुस्ती पाहिली आणि तिचं रक्तबंबाळ वर्णन लिहून ठेवलं. तिथे सराव आणि खरी लढत यांत फरक करायला जागाच नव्हती. चुकलेल्याला दुसरी संधी नव्हती. अवजारांच्या खेळांत मात्र यावर उपाय निघाला होता. तलवारीऐवजी चामड्याने मढवलेला गदका, म्हणजे काठी, आणि हातात छोटी फरी, म्हणजे ढाल, घेतली की दोघांना मोकळ्या मनाने एकमेकांवर तुटून पडता येई. बोथाटीचं तेच, भाल्याच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. धार काढून टाकली, पण समोरचा माणूस राहू दिला. मला या विषयातली ही सर्वांत हुशार युक्ती वाटते. जपानमध्ये १८८२ साली सुरू झालेल्या ज्युडोनेही हाच मार्ग धरला. ठरलेल्या हालचालींचा ‘काता’ ठेवला, पण भर दिला तो मोकळ्या लढतीवर, म्हणजे ‘रांदोरी’वर.

बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घेतला गेलेला निर्णय मात्र वेगळ्या दिशेचा होता, आणि त्यावर अजून पुरेसं बोललं जात नाही. तो निर्णय म्हणजे संघव्यायाम. शेकडो मुलं एका मैदानात, एका तालावर, इंग्रजीऐवजी देशी भाषेतल्या आज्ञांवर लेझीम, लाठी, जंबिया (वाकड्या कट्यारीचे हात) करू लागली. त्याचं श्रेय मोठं आहे. जी मुलं कधी हौद्यात उतरली नसती ती मैदानावर आली, आणि व्यायाम ही मूठभर पैलवानांची मिरास राहिली नाही. पुढे दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही याच शहरातून निघाला. पण आज्ञेवर चालणाऱ्या कवायतीत एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे हूल. जंबियाचा चौथा हात पाचव्या मोजणीला येणार हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर तोड शोधायची गरजच पडत नाही. हौद्यातली खडाखडी, मान धरून एकमेकांचा अंदाज घेणं, हे शंभर जणांना एकदम शिकवता येत नाही. शिस्तीसाठी ही किंमत वाजवी होती असं मानणारे आहेत. मला ती जास्त वाटते. मराठी अर्थाचा जोर शिल्लक राहिला, हिंदी अर्थाचा मागे पडला.

तो परत आला एका अनपेक्षित दारातून. ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ चा, पण फायटिंग गेमचा खरा साचा पडला तो १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने. एकामागून एक फटके अडवता न येता जोडले जाणं, ज्याला आपण कॉम्बो म्हणतो, ते ठरवून केलेलं नव्हतं. गाडी फोडण्याच्या बोनस फेरीत ते निर्मात्याच्या नजरेला पडलं आणि चूक न मानता तसंच ठेवलं गेलं. बडोद्यातल्या माझ्या पिढीपर्यंत हे सगळं पोचलं ते १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘टेकन ३’ या फायटिंग गेममुळे. सयाजीगंज, फतेगंज, रावपुरा इथल्या गेम पार्लरमध्ये दोन पॅड, एक टीव्ही आणि एकच नियम होता: जिंकला तो बसून राहील, हरला त्याने पॅड सोडायचं. ट्रेनिंग मोडमध्ये वेळ घालवणाऱ्याला मागचे ओरडायचे, कारण पैसे तासावर जात. त्यामुळे झालं असं की शिकायचं ते लढतच. गेममधल्या एडी या पात्राच्या कापोएराच्या (ब्राझीलच्या नाचासारख्या युद्धकलेच्या) लाथा बटणं बडवूनही निघायच्या, आणि नवखे त्यावर जिंकायचेसुद्धा. आठवडाभरात कोणीतरी त्याची तोड काढे आणि ती दोन दिवसांत सगळ्या पार्लरला माहीत होई. वस्ताद नसलेली ती तालीमच होती.

यामागे साधा हिशेब आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. ‘टेकन’मधला नेहमीचा झटपट ठोसा १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला सेकंदाचा चौथा-पाचवा भाग लागतो. म्हणजे तो ठोसा पाहून अडवताच येत नाही. समोरचा कधी मारणार हे आधी ओळखावं लागतं, आणि ते कळतं त्याच्या सवयींवरून: पडल्यावर तो दोनदा उडी मारून उठला, तर तिसऱ्यांदा काय करील? मातीतला पैलवान धोबीपछाड किंवा ढाक याच अंदाजावर लावतो. श्वास फुलणं, अंगावर येणारं वजन, दुखणं हे पडद्यावर नाही, आणि गेम खेळून कुस्ती येत नाही. पण अंतर राखणं, हूल देणं, समोरच्याची चूक होईपर्यंत थांबणं या तिन्ही गोष्टी इकडून तिकडे जातात, हे दोन्हीकडे घाम गाळलेला माणूस सांगेल.

गेल्या काही वर्षांत चित्र झपाट्याने बदललं. पार्लर आटले, खेळ घरी गेला. नेटवरचा उशीर झाकणारं रोलबॅक तंत्र रुळलं आणि २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये दूरच्या जोडीदाराशीही नीट लढता येऊ लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांच्या चौकटीत मान्यता दिली. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ पदकाचा खेळ होता, भारताचे खेळाडूही उतरले, आणि सुवर्णपदक नेलं ४४ वर्षांच्या एका कोरियन खेळाडूने. बोटं विशीतल्या पोरांची जास्त चपळ असणार, पण त्याच्या गाठीला वर्षानुवर्षांच्या लढती होत्या.

मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून मुलांसह अनेकांचे जीव गेले, आणि गुजरातभरचे गेम झोन तपासणीसाठी बंद झाले. ती तपासणी व्हायलाच हवी होती. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला वेगळं काढलं. शेजारी बसून हरण्याची, हरल्यावर त्याच बाकावरून ‘कसं मारलंस ते दाखव’ म्हणण्याची जागा मात्र या कोणत्याच निर्णयाचा विषय नव्हती. आज बडोद्यात ‘टेकन’ शिकणारा मुलगा बहुतेक वेळ एकटाच खोलीत असतो, समोर न हलणारा पुतळा, आणि तो दहा-दहा वेळा तोच कॉम्बो काढतो. आजोबांच्या अर्थाने तो जोरच काढतोय.