लादी फिरवली की फरशी बदलते

गॅलरीसाठी आणलेल्या सिमेंटच्या लाद्या मिस्त्रींनी गोणपाटावर मांडल्या आणि विचारलं, “ताई, गोल करायचा का चांदणी?” प्रत्येक लादीच्या एकाच कोपऱ्यात निळं पाव वर्तुळ होतं, बाकी सगळी पांढरट. चार लाद्यांचे निळे कोपरे मधे आणले, पूर्ण वर्तुळ झालं. तेच कोपरे बाहेर वळवले, तर मधे चार टोकांची पांढरी चांदणी उमटली. सगळ्या एकाच दिशेला ठेवल्या तर माशाच्या खवल्यांसारखं दिसू लागलं आणि जोडीजोडीने समोरासमोर ठेवल्या तर कमानींची रांग. लादी तीच, भाव तोच. फक्त हाताने पाव फेरा फिरवलेली.

मी “गोल” म्हणून मोकळी झाले. रात्री चौकटीच्या वहीत सगळी फरशी काढून बघितली तेव्हा लक्षात आलं, की गोल आणि चांदणी या दोन नक्ष्या नाहीतच. चार लाद्यांचा गोल शेजारीशेजारी मांडत गेलं की दर चार गोलांच्या मधे आपोआप चांदणी तयार होते. फरक एवढाच, की खोलीच्या मध्यावर काय येतं आणि भिंतीशी काय कापलं जातं. म्हणजे सगळी नक्षी फक्त एका लादीने सरकते. मिस्त्रींचा प्रश्न खरा होता, पण तो नक्षीचा नव्हता, सुरुवात कुठून करायची याचा होता.

या खेळाचा पहिला पद्धतशीर अभ्यास सेबास्तियाँ ट्रुशे या फ्रेंच धर्मगुरूने केला. कालव्यांच्या कामासाठी फिरत असताना ओर्लेआँजवळच्या एका गढीत त्याला कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी फरश्या दिसल्या: एक त्रिकोण गडद, एक फिका. त्या किती तऱ्हांनी मांडता येतील याचा हिशेब त्याने १७०४ साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवला. हिशेब आपणही करून बघू. एक लादी ४ दिशांनी ठेवता येते. चार लाद्यांचा चौक २५६ तऱ्हांनी. तीन बाय तीनच्या नऊ लाद्या २,६२,१४४ तऱ्हांनी. दहा बाय दहाच्या खोलीला फूटभर मापाच्या शंभर लाद्या लागतात, आणि त्यांच्या मांडण्यांची संख्या होते १६ वर ५९ शून्यं. त्यातल्या जवळजवळ सगळ्या मांडण्या डोळ्याला नुसता पसारा वाटतील. ज्यांना आपण “नक्षी” म्हणतो त्या मूठभर. का?

कारण नक्षी म्हणजे नियम. एवढा तुकडा उचलून तिकडे ठेवला तरी चित्र तसंच राहील, इथे आरसा धरला तरी तसंच राहील, या बिंदूभोवती फिरवलं तरी तसंच राहील, असे नियम. सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्ष्यांचे असे नियमांचे संच किती, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं: बरोबर १७. जगातली कुठलीही अशी जमीन घ्या, मुंबईच्या जुन्या इमारतीतली, गोव्याच्या एखाद्या घराच्या ओसरीवरची किंवा स्पेनच्या राजवाड्यातली, ती या सतरापैकी एका कुळातली असते. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्याने हे काढावं यात नवल नाही. मिठाच्या कणात अणूही असेच रांगेने बसलेले असतात.

या सतरा कुळांत फिरवल्यावर नक्षी स्वतःवर बसलीच, तर ती अर्ध्या, तृतीयांश, पाव किंवा एकषष्ठांश फेऱ्याने बसते. एकपंचमांश फेरा मात्र कुठेच नाही. सारख्या बाजू आणि सारखे कोन असलेल्या पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो. एका बिंदूशी तीन पंचकोन आणले तर ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट उरते, चौथा मावत नाही. चौकोनाचे ९० अंश, त्रिकोणाचे ६०, षटकोनाचे १२० मात्र ३६० ला नेमके भागतात. म्हणून बाजारात चौकोनी आणि षटकोनी लाद्या मिळतात, अशा सारख्या बाजू-कोनांच्या पंचकोनी नाही.

पण बाजू-कोन सारखे असण्याची अट सोडली तर? इथे एका गृहिणीची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत सॅन दिएगोला राहणाऱ्या मार्जोरी राइस यांचं गणिताचं शिक्षण शाळेपुरतं होतं. १९७५ मध्ये त्यांनी मुलाच्या नावाने येणाऱ्या विज्ञान मासिकात पंचकोनी फरश्यांवरचा लेख वाचला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आकृत्या काढायला सुरुवात केली. कोणी आलं की कागद झाकून ठेवायच्या. गणिताची खुणांची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची तयार केली. १९७७ च्या अखेरीपर्यंत त्यांनी जमीन पूर्ण झाकणाऱ्या बहिर्वक्र पंचकोनांचे (ज्यांचा एकही कोपरा आत वळलेला नाही) चार नवे प्रकार शोधले होते, व्यावसायिक गणितज्ञांच्या नजरेतून निसटलेले. असे एकूण १५ प्रकार आहेत आणि सोळावा असूच शकत नाही, हे मिकाएल राओ यांनी २०१७ मध्ये दाखवलं. राइसबाईंची एक नक्षी वॉशिंग्टनला अमेरिकेच्या गणित संघटनेच्या मुख्यालयात, प्रवेशदालनाच्या फरशीत बसवली गेली. मला हा सन्मान पदकापेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडच्या नक्षीच्या लाद्यांचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटहून मिंटनच्या भाजलेल्या मातीच्या लाद्या येत, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पायाखाली दिसतात. न भाजता केलेली सिमेंटची लादी दक्षिण फ्रान्समधली. ती स्वदेशीच्या लाटेत इथे बनवायला १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी सुरू केली, कारखाना उरणला. पद्धत बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं. साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात, तिच्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटची पातळ लापशी ओततात, जाळी हलक्या हाताने उचलून घेतात, वर कोरडं सिमेंट पसरतात आणि प्रेसखाली दाबतात. मग लादी पाण्यात मुरते. रंग वर चढवलेला नसतो, काही मिलिमीटर खोल असतो. म्हणून पन्नास वर्षं पावलं फिरली तरी नक्षी झिजून जात नाही, उलट गुळगुळीत होते.

आता डोळ्याकडे येऊ. आपल्या डोळ्याला आडव्या-उभ्या रेघेतला वाकडेपणा तिरक्या रेघेतल्यापेक्षा जास्त अचूक कळतो. खोल्या क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतात. दोरीने एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. कर्ण ५ फूट आला तर कोपरा काटकोनात. नाही आला, तर भिंतीला समांतर लावलेल्या सरळ लाद्या तो दोष ओरडून सांगतात, शेवटच्या ओळीत पाचरीसारखा तुकडा पडतो. त्याच लाद्या पंचेचाळीस अंशांत लावल्या की भिंतीशी सगळेच त्रिकोण येतात आणि अर्ध्या इंचाची वाकडी चाल नजरेला सापडत नाही. तुकडे जास्त वाया जातात, हे खरं.

सांध्यातल्या भरीचा रंग हा बहुतेकांनी शेवटच्या दिवशी घाईत ठरवलेला विषय असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात सेंट मायकल्स हिलच्या पायथ्याशी एका कॅफेच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या लाद्या अर्ध्या अर्ध्या सरकवून बसवल्या होत्या. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला दिसलं, की समांतर ओळी चक्क पाचरीसारख्या उतरत्या वाटतात. भ्रम उभा राहतो तो सांध्यांच्या करड्या रंगामुळे. भर काळी किंवा पांढरी केली की ओळी पुन्हा सरळ. तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला अशी जोडणी करणार असाल, तर करडा रंग टाळा.

कार्पेट टाइल्स आपण ऑफिसांत पाहतो: साधारण ५० सेंटिमीटरचे चौकोन, खाली जड थर, वर धाग्यांचे आखूड वेढे. घरात त्यांची जागा मोजकी, पण पक्की: मुलांची खेळायची खोली, घरून काम करण्याचा कोपरा, गाण्याच्या रियाजाची खोली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. चकचकीत लादी आवाजातला जेमतेम एक-दोन टक्के शोषते, बाकी सगळा परत फेकते. कार्पेट वरच्या पट्टीचे आवाज भरपूर गिळतं, खालच्या पट्टीचे फारसे नाही, आणि खालच्या मजल्यावर जाणारी पावलांची धपधप मऊ करतं. पायाला ऊब लागते तीही भौतिकशास्त्रच. खोलीतली लादी आणि कार्पेट दोन्ही २५ अंशांवरच असतात, पण लादी तळव्याची उष्णता भराभर ओढून घेते. ढोबळ हिशेबाने लादीला टेकलेली त्वचा २८ अंशांच्या आसपास उतरते, कार्पेटवर ती ३२ च्या आसपास राहते. कोकणात, तळमजल्यावर, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या जमिनीवर मात्र कार्पेट नकोच. बुरशी लागते आणि वास जात नाही.

हे चौकोन लावताना भिंतीपासून सुरुवात करू नका. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर: कडेपासून सहा अख्ख्या लावल्या तर शेवटी ५ सेंटिमीटरची चिंधी उरते. खोलीच्या मध्यावर एक ठेवून दोन्ही बाजूंना सरकलात, तर पाच अख्ख्या आणि दोन्ही कडांना साडेसत्तावीस सेंटिमीटरचा सारखा तुकडा येतो. पाठीवरचे बाण एका दिशेला ठेवले की सलग गालिचा दिसतो, एक आड एक पाव फेरा दिला की विणीवर उजेड वेगळा पडून त्याच रंगात चौकडा उमटतो.

आणि इथेच पुन्हा ती फिरवण्याची गोष्ट. नियमबद्ध नक्षीत एकच लादी चुकीच्या दिशेला बसली, तर शंभरातून नजर नेमकी तिच्यावर जाते. कार्पेटचं दुखणं तेच होतं: चहा सांडलेला चौकोन बदलला की नवा चौकोन ठिगळासारखा दिसे. अमेरिकेच्या इंटरफेस कंपनीचे रचनाकार डेव्हिड ओकी यांनी आपल्या लोकांना जंगलात पाठवलं, जमीन बघायला. तिथे हातभर जमिनीचे दोन तुकडे सारखे नसतात, पण कुठेही काही खटकत नाही. पानं उचला, दुसरी टाका, चित्र मोडत नाही. त्यावरून २००० साली आलेल्या ‘एन्ट्रोपी’ या प्रकारात प्रत्येक चौकोन थोडा वेगळा आहे आणि कोणत्याही दिशेने बसतो. चुकीची दिशा नावाचा प्रकारच उरत नाही. एक खराब झाला तर एकच बदला, रंगाचा लॉट जुळला नाही तरी चालतं. मला ही युक्ती सर्वांत आवडते, कारण ती दुरुस्तीला सोपी करण्यासाठी शोधलेली नक्षी आहे.

गोल-चांदणीच्या नियमबद्ध फरशीला ही सवलत नाही. आमच्या गॅलरीत शेवटी दाराच्या उंबऱ्यासमोर अख्खा गोल आला आणि कठड्याशी अर्ध्या चांदण्या. बसवण्याआधी मिस्त्रींनी सगळ्या लाद्या कोरड्या मांडून दाखवल्या, दोन उलट निघाल्या त्या तिथेच फिरवल्या. उरलेल्या सहा लाद्या माळ्यावर आहेत, कागदात गुंडाळून, वर लॉट नंबर आणि तारीख लिहून.