त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर आणि पूर्व कॅरिबियन डॉलर : विनिमय दराचा इतिहास

त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाचा डॉलर आणि त्याच्या उत्तरेकडील लहान बेटांचा सामाईक पूर्व कॅरिबियन डॉलर ही दोन्ही चलने एकाच वसाहतकालीन चलनातून निघाली. १९७६ पर्यंत त्यांचे मूल्य तंतोतंत सारखे होते. आज एका पूर्व कॅरिबियन डॉलरसाठी सुमारे अडीच त्रिनिदाद डॉलर मोजावे लागतात. या दोहोंमधला दर एकमेकांशी थेट बांधलेला नाही. प्रत्येकाचा अमेरिकन डॉलरशी जो दर असेल, त्या दोन दरांच्या भागाकारातून तो निघतो. त्यामुळे हा इतिहास समजून घेताना दोन्ही चलनांनी पौंडाची साथ केव्हा आणि कोणत्या दराने सोडली, हे सर्वांत आधी पाहावे लागते.

ब्रिटिश वेस्ट इंडीजच्या पूर्व भागात हिशेब डॉलरमध्ये ठेवण्याची रूढी स्पॅनिश चांदीच्या डॉलरपासून आली होती. १८३८ मध्ये या डॉलरची किंमत ४ शिलिंग २ पेन्स, म्हणजे ५० पेन्स, ठरवण्यात आली. पौंडाचे २४० पेन्स असल्याने एका पौंडाचे ४.८० डॉलर हे प्रमाण आपोआपच आले आणि ते या भागात सव्वाशेहून अधिक वर्षे टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिनिदाद, बार्बेडोस, ब्रिटिश गयाना आणि लीवर्ड व विंडवर्ड बेटे यांच्यासाठी सामाईक चलन मंडळ स्थापन झाले व १९५१ मध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज डॉलरच्या नोटा चलनात आल्या. मंडळाला स्वतःचे पतधोरण नव्हते. लंडनमध्ये ठेवलेल्या पौंडांच्या आधारावर ठरलेल्या प्रमाणात नोटा काढणे आणि परत घेणे एवढेच त्याचे काम होते.

वेस्ट इंडीज संघराज्य १९६२ मध्ये मोडले आणि त्याच वर्षी त्रिनिदाद स्वतंत्र झाले. डिसेंबर १९६४ मध्ये तेथील मध्यवर्ती बँक सुरू होऊन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर जुन्या डॉलरच्या समान मूल्याने चलनात आला. उरलेल्या बेटांसाठी १९६५ मध्ये पूर्व कॅरिबियन चलन प्राधिकरण अस्तित्वात आले व त्याचा डॉलरही समान मूल्यानेच निघाला. त्या काळात ही समानता किती गृहीत धरली जात होती, हे ग्रेनेडाच्या उदाहरणावरून दिसते : या बेटाने काही वर्षे त्रिनिदादचा डॉलर वापरला आणि १९६८ मध्ये ते पूर्व कॅरिबियन चलनक्षेत्रात परतले, पण या अदलाबदलीत तेथील किमती वा वेतने नव्याने मोजण्याची गरज पडली नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा दोन्ही चलने त्याच्याबरोबर घसरली. अमेरिकन डॉलरचा भाव सुमारे १.७१ वरून २.०० वर गेला, मात्र पौंडाशी ४.८० चे प्रमाण आणि आपसातील समानता अभंग राहिली.

ही समानता १९७६ च्या मध्यावर अवघ्या काही आठवड्यांत संपली. पौंड १९७२ पासून तरता, म्हणजे बाजारातील मागणी-पुरवठ्याने दर ठरणारा, होता आणि मार्च १९७६ मध्ये तो प्रथमच दोन अमेरिकन डॉलरच्या खाली उतरला. खनिज तेलाच्या वाढलेल्या किमतींमुळे त्रिनिदादकडे परकीय चलनाची मोठी गंगाजळी जमली होती आणि घसरत्या पौंडामागे फरफटत जाण्याचे कारण त्याला उरले नव्हते. मे महिन्यात त्याने आपले चलन एका अमेरिकन डॉलरला २.४० या दराने बांधले. पौंड बरोबर दोन डॉलरचा असता तर जो दर निघाला असता, तोच हा दर होता. लहान बेटे मात्र जुलैपर्यंत पौंडाशी जोडलेली राहिली. तोवर पौंड १.७८ डॉलरच्या आसपास आला होता आणि ४.८० ला त्याने भागल्यावर येणारा २.७० हा दर त्यांनी कायम केला. अशा रीतीने एका त्रिनिदाद डॉलरची किंमत १.१२५ पूर्व कॅरिबियन डॉलर झाली. बार्बेडोसने वर्षभर आधीच, जुलै १९७५ मध्ये, २.०० या दराने हेच पाऊल उचलले होते. म्हणून त्याचा एक डॉलर १९७६ पासून १.३५ पूर्व कॅरिबियन डॉलरचा आहे.

तेलाच्या भरभराटीत मिळवलेली ही आघाडी त्रिनिदादला टिकवता आली नाही. तेलाचे उत्पन्न आटत गेले, आयात आणि सरकारी खर्च मात्र त्या प्रमाणात कमी झाले नाहीत, आणि गंगाजळी झपाट्याने रिकामी होऊ लागली. डिसेंबर १९८५ मध्ये दर २.४० वरून ३.६० करण्यात आला. अन्न, औषधे यांसारख्या निवडक आयातीसाठी जुना दर १९८७ च्या प्रारंभापर्यंत चालू ठेवला गेला. दोन चलनांचे नाते याच वेळी उलटले : त्रिनिदाद डॉलर आता ०.७५ पूर्व कॅरिबियन डॉलरचा झाला. ऑगस्ट १९८८ मध्ये दर ४.२५ वर नेण्यात आला व हे मूल्य ०.६४ च्या जवळ आले. एप्रिल १९९३ मध्ये चलन तरते करण्यात आले तेव्हा ते ०.४७ च्या आसपास उतरले. पुढे ही घसरण मंदावली, कारण नावाने तरत्या असलेल्या या दरावर मध्यवर्ती बँकेचे नियंत्रण राहिले.

पूर्व कॅरिबियन डॉलरचा २.७० हा दर या सर्व काळात एकदाही बदलला नाही. १९८३ मध्ये प्राधिकरणाची जागा सेंट किट्स बेटावरील बासेतेर येथील पूर्व कॅरिबियन मध्यवर्ती बँकेने घेतली. तिच्या मागणी देयतांपैकी (चलनातील नोटा व मागताच परत द्याव्या लागणाऱ्या ठेवी) किमान ६० टक्के रकमेइतका परकीय चलनसाठा बाळगणे करारानेच बंधनकारक आहे. त्यातच कोणत्याही एका सदस्य सरकारला मनाप्रमाणे नोटा छापून घेता येत नाहीत, आणि या दराच्या स्थैर्याचे खरे बळ या संयमात आहे. त्याची किंमतही बेटांनी मोजली आहे : पर्यटन मंदावले किंवा केळीची निर्यात घटली, तरी अवमूल्यनाचा मार्ग त्यांना मोकळा नसतो आणि सारा ताण रोजगार व सरकारी खर्चावर पडतो.

अलीकडच्या काळात अमेरिकन डॉलरचा त्रिनिदादमधील अधिकृत भाव ६.७० ते ६.८० च्या दरम्यान राहिल्याने एक पूर्व कॅरिबियन डॉलर सुमारे २.५० त्रिनिदाद डॉलरचा ठरतो. त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची टंचाई असल्याने या दराने हवी तेवढी रक्कम प्रत्येकाला मिळतेच असे नाही. जुने करारनामे, वेतनपत्रके किंवा मालाच्या किमती यांची तुलना करताना १९७६ पूर्वीचे आकडे दोन्ही बाजूंना जसेच्या तसे ताडून पाहता येतात. त्यानंतरच्या आकड्यांसाठी व्यवहाराचे वर्ष पाहावे लागते, आणि १९८५ च्या डिसेंबरपासून पुढच्या वर्षभरासाठी तर तो कोणत्या मालाचा होता हेही.